समृद्धी झाला, मग रेल्वेवर खर्च कशाला?

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा : मनमाड-जळगाव चौथी लाइन वगैरे सगळं मालगाड्या आणि वंदे भारतसाठी, पॅसेंजरवाल्याला काडीचा फायदा नाही, तिकिटातून पैसा वसूल होत नाही, म्हणजे करदात्याचा पैसा पाण्यात, समृद्धी झालाय, नाशिककरांनी आता रस्ता धरावा.

आधी समृद्धीचं, ते लवकर आटपतं. इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. छानच झालं. पण तो जातो सिन्नर-इगतपुरीकडून. निफाड, लासलगाव, कसबे सुकेणे त्याच्या वाटेवर नाहीत, आणि दुचाकीला तर तिथे बंदीच. निफाडहून नाशिकरोडला कॉलेजला येणारी पोरगी समृद्धी कुठून धरणार? मेसेज लिहिणाऱ्याने एकदा नकाशा तरी उघडायचा.

आता मालगाडी. मेमूने (जवळच्या अंतराच्या विजेवरच्या पॅसेंजरने) रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही उशिराचं कारण विचारा. उत्तर ठरलेलं : "साइडला टाकली." इगतपुरी ते मनमाड अप आणि डाऊन मिळून दोनच लाइनी. त्यांवरूनच पंचवटी, उत्तरेकडच्या मेल-एक्सप्रेस, कांद्याच्या मालगाड्या, एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसा. मागून मेल आली की पॅसेंजर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची, मेल पुढे काढायची. तोवर दुसरी येतेच. लाइन अपुरी पडली की पहिला मार साध्या गाडीला. वंदे भारतला नाही, तिला सगळे आधीच वाट मोकळी करून देतात. म्हणजे लाइन वाढली तर सगळ्यात आधी सुटतो तो खेरवाडी स्टेशनच्या लूपवर घड्याळ बघत बसलेला माणूस.

एक टोमणा मात्र मेसेजवाल्याला सुचला नाही, तो मीच मारतो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली ती 160 किलोमीटरची चौथी लाइन जळगावकडून येऊन मनमाडलाच थांबते. नाशिकरोडच्या अंगाला नाही. मनमाडला गाड्या तुंबल्या की त्याची झळ लासलगावपर्यंत येते, तेवढा आपल्याला उतारा; जास्त नाही.

राहिली वसुली. सरकारचाच 2022-23 चा आकडा आहे : प्रवाशाला तिकिटावर सरासरी 46 टक्के सवलत, वर्षभरात 56,993 कोटी रुपये. म्हणजे शंभराच्या प्रवासाला आपण 54 मोजले. तूट आहेच, कोण नाही म्हणतंय? पण ती भरून काढण्यात मोठा वाटा मालवाहतुकीच्या कमाईचा असतो. ज्या मालगाड्यांच्या नावाने मेसेजमध्ये बोटं मोडलीत, त्यांच्याच जिवावर मेमूचं तिकीट परवडतं. कोविडनंतर पॅसेंजरचं किमान भाडं 10 चं 30 झालं, तेव्हा खिशाला काय बसलं ते आठवा. फेब्रुवारी 2024 मध्ये ते पुन्हा 10 वर आलं.

पैसा वाया जातोय असं म्हणायचंच असेल, तर स्टेशनांकडे बघा. देवळाली आणि लासलगावच्या नव्या रूपाचं उद्घाटन 22 मे 2025 ला झालं. दिसायला देखणं आहे. पण लूपवर उभी असलेली गाडी त्याने सुटत नाही.