थोरलीला सव्वा महिना आजोळी धाडा म्हणे!

‘दुसरं बाळ घरी येताना थोरल्याला सव्वा महिना आजोळी ठेवा’ असा एक पाच कलमी मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’ आहेच. तो साताऱ्यात माझ्या बहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला आणि अडीच वर्षांच्या भाचीचे कपडे बॅगेत भरून झालेसुद्धा. आजोळ म्हणजे तासगावचं आमचंच घर. ती इथे राहिली तर मला आनंदच आहे. तरी सांगते, धाडू नका.

पहिलं कलम म्हणतं, थोरलं समोर नसलं की बाळंतिणीला आराम मिळतो आणि पोर परत येईपर्यंत सगळं ‘सेट’ होतं. कुणासाठी सेट? अडीच वर्षांच्या पोरीला सव्वा महिना म्हणजे किती हे कळत नाही. आई नाही, एवढंच कळतं. आणि परत यावं तर आईच्या कुशीत दुसरंच कुणी झोपलेलं.

जेम्स आणि जॉईस रॉबर्टसन या ब्रिटिश दांपत्याने हे १९६९ साली चित्रित करून ठेवलंय. आई दुसऱ्या बाळंतपणाला गेली म्हणून १७ महिन्यांचा जॉन ९ दिवस निवासी शिशुगृहात राहिला. आधी तो तिथल्या एकेका बाईला धरू पाहतो, पण त्यांच्या पाळ्या बदलतात, हक्काचं कुणीच मिळत नाही. मग जेवण टाकतो, रडतो, मोठ्या टेडीला बिलगून पडून राहतो. नवव्या दिवशी आई न्यायला आली तर किंचाळत तिच्या हातातून सुटू पाहतो. हे ९ दिवसांत. मेसेजवाले सव्वा महिना म्हणतायत.

आजोळ म्हणजे शिशुगृह नव्हे, हे कबूल. याच रॉबर्टसननी चार मुलं अशा काळात स्वतःच्या घरी सांभाळली. आधी ओळख करून घेतली, आईची आठवण काढत राहिले, वडील भेटायला येत. ती मुलं पुष्कळच सावरून राहिली. म्हणजे ओळखीची मांडी लागते, हे खरं. मग त्या मांडीनेच साताऱ्याला यावं की! दवाखान्याचे दोन-चार दिवस आजीने पोरीला तिच्याच घरात, तिच्याच अंथरुणावर झोपवावं. आई घरी आली की रोज थोडा वेळ बाळ बाबाकडे आणि आई फक्त थोरलीची, एवढं जमवावं. बारशाला घुगऱ्यांची एखादी वाटी तिच्या हातून वाटली गेली तर काही बिघडत नाही.

दुसरं कलम वाचून डोकंच फिरलं. थोरलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, बाटली मागू लागलं तर ‘लाड न करता दोन धपाटे द्या’. अहो, पाठचं भावंड आल्यावर या वयाची पुष्कळ मुलं असं मागे जातात आणि हळूहळू आपली आपण सावरतात. धपाट्याने ती एवढंच शिकतात की बाळ आल्यापासून मार बसतो. फार तर एक करा. चड्डीत शू न करण्याची शिकवण आणि वेगळं झोपवणं नेमकं त्याच आठवड्यांत काढू नका.

तिसरं, ‘दिवस गेले की आईचं दूध विषारी होतं, कोरफड लावून तोडा’. विषारी वगैरे काही होत नाही. दूध कमी होतं, चव बदलते, काही मुलं आपणच सोडतात. आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालं असेल, रक्तस्राव होत असेल किंवा पोटात कळा येत असतील, तर डॉक्टरांना विचारायचं. दोघं पीत असतील तर आधी तान्ह्याला, त्यातही चिकाचं दूध त्याच्या हक्काचं.

चौथं, थोरल्याची नजर लागते. पुढे.

पाचवं मात्र बरोबर आहे, दोघांना एकटं सोडू नका. अडीच वर्षांचं प्रेमसुद्धा जड असतं, मिठी मारता मारता तान्ह्याचं नाक दाबलं जाईल. पण त्यासाठी शेजारी एक मोठं माणूस लागतं. पोरगी तासगावला लागत नाही.