संवाद छान आहेत, पटकथा कुठाय?

नागपूरचा लेखक पटकथा घेऊन मुंबईला जातो, वाचणारा म्हणतो, "संवाद छान आहेत." ही दाद नसते, नकार असतो.

आपल्याकडचे बरेच लेखक राज्य नाट्य स्पर्धेत तयार होतात. सायंटिफिक सभागृह, एक घर, पाच पात्रं, दोन अंक. बाहेर जे घडलं ते कुणीतरी दारातून आत येऊन सांगतं. रंगमंचावर ते खपतं. पडद्यावर तीच सवय नडते.

समजा, मोठ्या भावाने इतवारीतलं दुकान परस्पर विकलं. नाटकात धाकटा घरी येतो, चपला काढतो, आई पाणी देते, तो गप्प, आई खोदून विचारते, मग "दादानं दुकान विकलं". दीड पान. पटकथेत धाकटा सकाळी शटरपाशी उकिडवा बसतो, किल्ली घालतो. फिरत नाही. कुलूप नवं आहे. शेजारचा दुकानदार नजर चुकवून उदबत्ती ओवाळत राहतो. चार ओळी, शब्द एकही नाही. खरा फायदा पुढे आहे. रात्री दोघे भाऊ जेवायला बसतात तेव्हा बातमी सांगायची उरलेलीच नसते. आता धाकटा नुसतं "भाजी वाढ" म्हणाला तरी ताटावरचे हात थांबतात.

स्क्रिप्ट कन्सल्टंट, म्हणजे पटकथा तपासून सल्ला देणारा, करतो काय, तर आधी संवाद वाचतच नाही. ११० पानांची पटकथा (पानाला साधारण एक मिनिट), साठ-सत्तर सीन. प्रत्येक सीनचं एक कार्ड, त्यावर एकच ओळ: कुणाला काय हवं होतं, मिळालं का. ज्या कार्डावर "चर्चा होते", "कळतं", "आठवतं" एवढंच लिहिता येतं, त्यावर लाल खूण. मग ते कार्ड काढून पुढचं वाचायचं. काही अडलं नाही तर सीन गेला. सगळ्यात जास्त लाल खुणा बहुधा तिसाव्या ते साठाव्या पानात सापडतात. लेखक मात्र तिथे संवादच घासत बसतो. आजार तोच, वर पावडर. "शेवट पटत नाही" असा शेरा आला तरी शेवटाला हात लावू नका. पहिल्या वीस पानांत पात्राला काय हवंय तेच ठरलेलं नसतं.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीला नाकं मुरडणाऱ्यांनी वडशाकडचं एखादं नाटक पहाटेपर्यंत बसून बघावं. गाणं संपलं की डुलकी काढून उठलेल्या माणसालाही गोष्ट कुठवर आली ते कळलं पाहिजे. बांधणीची एवढी कडक तालीम शहरात मिळत नाही.

आता कागद, म्हणजे करार. सल्ल्याचा लेखी अहवाल वेगळा, पुनर्लेखन वेगळं. दोन्हीचे पैसे वेगळे, आणि पुनर्लेखन केलं तर श्रेयनामावलीत नाव कसं येणार ते आधीच लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पटकथेचे हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत. निर्मात्याच्या मसुद्यात "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात" येतं ते त्यासाठीच. हप्ते सहीला, पहिल्या ड्राफ्टला, शेवटच्या ड्राफ्टला. शेवटचा हप्ता "चित्रीकरण सुरू झाल्यावर" असा असेल तर सही करण्याआधी ती ओळ खोडा. ते चित्रीकरण कधी सुरूच झालं नाही तर तुमचे पैसे तिथेच अडकतात, आणि तोवर हक्क मात्र निर्मात्याकडे गेलेले असतात.