दाव्याला हिसडा

नमस्कार सर,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, आवडली. थोडी झोंबलीही. ‘अडलेल्या शब्दाशी थांबू नका, अंदाज बांधा, खूण करा आणि पुढे वाचा’ हा माझ्या लेखातला सल्ला मुलांना आळशी करणारा आहे, अंदाजपंचे वाचलं की चुकीचे अर्थ डोक्यात घट्ट बसतात, आणि तसंच वाचायचं तर दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ खपून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड कशाला काढले, असं तुम्ही विचारलंत.

कोशाशी माझं वाकडं नाही. पण कोश उघडायलाही अंदाज लागतो. माझी भाची सातवीत आहे, फ्लॅटमध्ये वाढलेली. परवा एका गोष्टीत अडली: ‘दाव्याला हिसडा देऊन वासरू पळालं.’ तुमच्या पद्धतीने तिने लगेच कोशात ‘दाव्या’ शोधलं. मिळेना. मिळणार कसं, ते सामान्यरूप! मूळ शब्द ‘दावा’ की ‘दावे’? दावा तिला बातम्यांमुळे माहीत. वासरू कोर्टात गेलं म्हणून पोटभर हसली. मग स्वतःच म्हणाली, हिसडा दिला म्हणजे ते बांधलेलं असणार, म्हणजे दोरीच की. मग ‘दावे’ काढून पाहिलं, जुळलं. कोशात नोंदी दोन्ही आहेत. त्यातली आपली कुठली, हे वासरामुळे कळलं.

तिफण, म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार, तिला आपोआप सुटली. ति म्हणजे तीन, आणि फणी रोज केसांत फिरते. गव्हाणीने मात्र फसवलं. शब्दाच्या तोंडवळ्यावरून तिने गव्हाचं शेत ठरवलं, आणि बैल गव्हाणीत तोंड घालून उभे होते, तेही त्यात छान बसलं. पुढच्या ओळीत म्हाताऱ्याने गव्हाणीत कडबा टाकला, तेव्हा थबकली. शेतात कडबा कोण टाकेल? गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. इथे कोश काढला असता तर काम लवकर झालं असतं, हे मान्य. पण कडब्याने पकडलेली चूक ती आता विसरणार नाही.

एका पानात पंधरा-वीस शब्द अडत असतील तर अंदाजबिंदाज काही चालत नाही. ते पुस्तक वर्षभर बाजूला ठेवावं.

चुकीचे अर्थ बसतात, हेही खरं. माझ्याही डोक्यात बसले होते, पण ते अनोळखी शब्दांचे नव्हते. कॉलेजात असताना मोडीतल्या कागदांची छापील लिप्यंतरं वाचायला लागलो, तेव्हा ‘मौजे मजकूर’ हे गाव मी नकाशात शोधत होतो. मौजे म्हणजे गाव, मग पुढे गावाचं नावच असणार! तिथे मजकूर म्हणजे ‘वर सांगितलेलं’, सदरहू. त्याहून वाईट म्हणजे ‘शिकस्त’. फौजेची शिकस्त झाली, असं वाचून मी समजलो, गडी जिवाच्या आकांताने लढले. फौज हरली होती, सर. शिकस्त हा शब्द मला येत होता ना, मग कोश कशाला उघडतोय? अनोळखी शब्द निदान डोळ्यांत खुपतो.

तेव्हा लेखात एक दुरुस्ती करतोय: अनोळखी शब्दाला आधी अंदाज, मग कोश, पण ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नसेल तर तिथल्या तिथे कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे दोन्ही आता फोनवर फुकट शोधता येतात.

भाचीचं पुस्तक परवा चाळलं. गव्हाणीखाली पेन्सिलची रेघ आहे आणि समासात लिहिलंय, ‘शेत नाही!!’