पळून जाण्याआधी झेरॉक्स काढा

निर्वासित होण्याचा योग कुणाच्या पत्रिकेत कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा तयारी आजपासूनच करा. सरावाला मामलेदार कचेरी उत्तम. १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी जो गोवेकर तिथं तिष्ठला आहे, त्याचा निम्मा अभ्यास झालाच म्हणायचा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, विजेचं बिल, आणि खिडकीशी पोचल्यावर कळणारा तो एक कागद, जो नेमका घरी राहिलेला असतो. तुम्ही म्हापशाला जाऊन तो घेऊन येता. निर्वासिताला घरी जाता येत नाही, एवढाच काय तो फरक.

पहिलं म्हणजे हुकूमशहा पारखून घ्या. १९७२ साली इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. त्यात तिथल्या सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेले आपले गोवेकरही होते. ९० दिवस! तेवढ्यात मार्कशीटच्या नकला, शिक्के, नोटरी, लॅमिनेशन सगळं उरकतं. अलीकडे हे सौजन्य राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं, तेव्हा लोक विमानतळाकडे धावले. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे कुणी फिरकलं असेल असं वाटत नाही. शिकलेली माणसंसुद्धा अशी बेफिकीर असतात.

आता पदवीकडे वळू. समजा तुम्ही काबूलच्या एक बाई आहात, इंजिनिअर. भारतात पुढं शिकायचं तर परदेशी पदवीला समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. हे काम वर्षानुवर्षं भारतीय विद्यापीठ संघ करत आला, २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानंही त्यासाठी नियमावली काढली. पदवी खरी की बनावट हे बघायलाच हवं. बनावट पदव्यांचा आपल्याला अनुभव दांडगा. बघायचं कसं, तर मूळ विद्यापीठाला विचारून. अडचण एवढीच की डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं बायकांना विद्यापीठाची दारं बंद केली. तेव्हा पत्र जपून लिहा. ‘महोदय, ज्या स्त्रीजातीला आपण फाटकाबाहेर काढलंत, त्यातली ही एक पूर्वी आपल्याकडे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती, असं कृपया कळवावं.’ खाली तुमचा सध्याचा पत्ता घालायला विसरू नका, तिकडच्या मंडळींना तो हवाच असतो. उत्तर आलं नाही तर पाठपुरावा कमी पडला असं समजा.

अर्जातला पुढचा रकाना: भारतीय की परदेशी? भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. म्हणजे तुम्ही परदेशी. मग परदेशी विद्यार्थ्याची फी आली, पासपोर्ट आला, व्हिसा आला. पासपोर्टची मुदत संपली असेल तर वकिलातीत जा. ज्यांच्यापासून पळालात त्यांचीच ती असली तर बिचकू नका, आपलेपणानं बोला. २०११ पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसाची एक वाट आहे. तो हाती पडला की शिकता येतं, खाजगी नोकरीही करता येते. हाती पडेपर्यंत काय खायचं, हे कुठल्याही अर्जात विचारलेलं नसतं.

आणि पेशा? डॉक्टर होऊन येऊ नका. परदेशात एमबीबीएस केलेल्यांची इथली परीक्षा भारतीय नागरिकाला किंवा ओसीआय कार्डवाल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकालाच देता येते. वीस वर्षं शस्त्रक्रिया करत आलात तरी बसायलाच मिळणार नाही, नापास होणं दूरच. वकिलीला १९६१ चा कायदा आडवा येतो, तोही नागरिकत्व मागतो. कळंगुटच्या शॅकवर ग्लास विसळायला मात्र ट्रान्स्क्रिप्ट लागत नाही. हंगामात किनाऱ्यावर दुकानं मांडणारे तिबेटी बघा. माळेची किंमत सगळे विचारतात, शिक्षण कुणी विचारत नाही. त्यांच्यावर सरकारनं अन्याय केला असंही नाही. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत आयएएस, आयपीएस आणि परराष्ट्र सेवा सोडून बाकीच्या सेवा तिबेटी निर्वासितांना खुल्या आहेत. अट इतकीच की उमेदवार १ जानेवारी १९६२ पूर्वी भारतात आलेला असावा. सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षं. गणित आपापलं करावं.

युरोपातल्या काही लोकांनी मात्र शिस्त पार बिघडवली आहे. कागद हरवलेल्या निर्वासितांच्या शिक्षणाचीही दखल घ्या, असं पदव्यांना मान्यता देण्याबाबतच्या १९९७ च्या लिस्बन करारातच लिहून ठेवलंय. २०१७ पासून युरोप परिषद तर त्यांना ‘पात्रता पासपोर्ट’ देते. माणसाला समोर बसवायचं, त्याच्याकडे असतील ती चिटोरी बघायची आणि काय शिकलास ते त्यालाच विचारायचं. त्याच विषयातला जाणकार प्रश्न विचारत असला की खरंखोटं कळतं म्हणे. असंच चालू राहिलं तर कचेऱ्यांबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांनी आणि स्टॅम्पपेपरवाल्यांनी कुणाकडे बघायचं? सुदैवानं जग अजून फार बिघडलेलं नाही. २०३० पर्यंत निर्वासितांपैकी १५ टक्के तरुणांनी उच्च शिक्षणापर्यंत पोचावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं ध्येय आहे. सगळं मनासारखं झालं तरी शंभरातले ८५ बाहेरच राहतील.

उद्या असा कुणी पणजीत तुमच्या शेजारी राहायला आला तर काय करायचं, तेही सांगतो. बाई इंजिनिअर असेल तर मुलाच्या गणिताच्या शिकवणीला ठेवा. बाजारभावाच्या निम्म्यानं शिकवील, आणि पगारवाढीसाठी युनियन काढणार नाही. तिनं नोकरीचं विचारलंच तर ‘आमच्याच पोरांना नोकऱ्या नाहीत’ हे वाक्य तयार ठेवा. ते खरंही आहे. तुमचा बी.कॉम. झालेला भाचा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनच्या गोदामात खोकी उचलतोच आहे. पण तो निर्वासित नव्हे, हौसेनं गेलाय, त्याची गोष्ट वेगळी. तिकडचे लोक त्याच्याकडे बघून हेच वाक्य इंग्रजीत म्हणतात का, ते फोनवर विचारू नका. रात्रपाळी असते त्याची, उगाच बोलण्यात सुट्टी संपायची.