खाडा

पर्वती न थांबता चढायची, एवढंच मी ठरवलं होतं. ते जमलं की पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, वर पिठलं-भाकरी, संपलं. मॅरेथॉन वगैरे नाही. बरं चाललंही होतं. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांच्या डोळ्यांत घालायचे तीन बाटल्यांचे थेंब आणि त्यांच्या तीन वेगळ्या वेळा, पाठोपाठ घरभर फिरलेला व्हायरल, आणि तो उतरेपर्यंत धाकट्याची परीक्षा. परवा पुन्हा गेले.

निम्म्या चढावर कठड्याला टेकून एक काका उभे असतात. पांढरेशुभ्र बूट, बारा महिने मफलर, आणि हातात कुठल्याशा बँकेची फुकट मिळालेली डायरी. तिला दोऱ्यानं पेन बांधलेलं. कोण आलं, कोण नाही, याची त्यात नोंद असते. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना मस्टरकाका म्हणते.

"काय हो, दिसला नाहीत?"

मला धाप लागली होती. "घरी जरा आजारपण..."

"तुमचं?"

"सासूबाईंचं. ऑपरेशन होतं."

"मग तुम्हाला काय झालं होतं?"

याला उत्तर नसतं. मी पाण्याची बाटली उघडली.

"खंड पडला," काकांनी निदान केलं. "एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते. शास्त्र आहे. एक दिवस जरी चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. तुमचा आज पहिला दिवस."

"आधी इतके दिवस चढत होते ते?"

"वाया."

"अहो, पाय तेच आहेत माझे."

"पाय तेच. सवय गेली."

पायांना हे कुणी कळवलं नसावं, कारण ते मुकाट्यानं पुढच्या पायरीवर गेले होते. पण काकांनी हात आडवा धरला. "आमचं बघा. निवृत्त झाल्यापासून एक खाडा नाही. लॉकडाऊनमध्ये सोसायटीचे जिने चढलो, पण खंड नाही. मनात पाहिजे! साडेसहाला इथे, पावणेआठला घरी. चहा-पोहे तयार."

"कोण करतं?"

"ही करते."

"त्यांचा कधी खाडा?"

काकांनी खरंच विचार केला. मफलर सैल केला, सहकारनगरच्या दिशेनं पाहिलं. "नाही बुवा. पण तिचं काय, ती घरीच असते."

ज्या टेकडीवर हे चाललं होतं, तिथेच पानिपतच्या बातमीनं खचलेले नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्ये गेले. त्या वेळी हे काका पायऱ्यांवर असते तर त्यांनी पेशव्यांनाही सोडलं नसतं. "पानिपत भाऊंचं झालं. तुम्हाला काय झालं होतं?"

घरी येऊन मी ते एकवीस दिवसांचं शास्त्र शोधलं. चिडलेल्या माणसाला वाचनाचा उरक फार. तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकेतले एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातलं 'किमान' वाटेत कुठेतरी गळालं आणि नाकाचा हिशेब पर्वतीच्या पायऱ्यांना लागू झाला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या सवयींचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८ तर कुणाला थेट २५४, असा हिशेब निघाला. आणि अधूनमधून एखादी वेळ चुकली तर फारसं काही बिघडत नाही, हेही. हे सगळं मी काकांना फाडकन सुनवायला हवं होतं. पण मला ते कळलं तेव्हा माझ्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्याला कणीक होती.

राग त्याचाही नाही. सकाळी सहा ते आठ या वेळात तळजाईला जा, हनुमान टेकडीला जा, आणि डब्याच्या वयाची मुलं असलेल्या बायका किती दिसतात ते मोजा. ज्या दिसतात त्या उतरताना जवळजवळ पळत असतात. सातत्य, जिद्द, शिस्त यांवरची व्याख्यानं मात्र कठड्याला टेकलेल्यांकडून ऐकायची, ज्यांचं दूध कुणीतरी वर येऊ दिलेलं नसतं. आमचा गॅसही खंड न पडता रोज पेटतो. त्याची डायरी कुणी ठेवत नाही.

असो. त्या दिवशी १०३ पायऱ्या झाल्या, मध्ये काकांसाठी थांबले ते सोडून. उतरताना काका तिथेच.

"नाव सांगा, नोंद करून ठेवतो. म्हणजे नाही आलात की लक्षात येईल."

त्यांनी डायरी उघडली, दोऱ्याचं पेन बाजूला सारलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

"पेन आहे ना?"

"तुमचं पेन्सिलीनं लिहितो. गैरसमज नको, पण तुमचं काही सांगता येत नाही."

मी नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं. तो आयुष्यात पर्वती चढलेला नाही.

"हे तर..."

"मिस्टर. उद्यापासून तेच येणार आहेत." लागू दे रोज खाडा.

काकांनी मान डोलावली, पेन्सिल खिशात ठेवली आणि ते नाव पेनानं लिहिलं.