विज्ञानकथेला ज्योतिषाच्या रांगेत बसवू नका

‘फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न विज्ञानकथेचा जनक. त्याने पाणबुडी लिहिली, ती आली. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कने उपग्रह लिहिले, ते आले. जे खरं ठरलं नाही, ती परीकथा,’ अशा आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो.

आधी पाणबुडी. व्हर्नची कादंबरी 1870 च्या आसपासची, तिच्यातल्या पाणबुडीचं नाव ‘नॉटिलस’. अमेरिकन अभियंता रॉबर्ट फुल्टनने फ्रान्समध्ये पाणबुडी पाण्याखाली नेली 1800 साली, आणि तिचंही नाव ‘नॉटिलस’च! व्हर्न वर्तमानपत्रं बारकाईने वाचणारा माणूस होता. त्याला द्रष्टा ठरवून आपण त्याची मेहनतच झाकतो. क्लार्कचं तर आणखी सोपं: भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांची कल्पना त्याने 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकातल्या लेखात मांडली, कथेत नव्हे.

जनकाचं म्हणाल, तर व्हर्नच्या जन्माआधी दहा वर्षं, 1818 मध्ये, मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली होती. तिचा नायक आधी अग्रिप्पा, पॅरासेल्सस वगैरे किमयागारांच्या पोथ्यांत बुडालेला असतो. विद्यापीठात गेल्यावर तो रसायनशास्त्राकडे वळतो आणि मग प्रयोगाला हात घालतो. मंत्र नाही, वरदान नाही. पुढचं सगळं पुस्तक एकच हिशेब मांडतं: निर्जीवात जीव ओतता आला, तर ओतणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते? माझ्या मते विज्ञानकथेची खूण हीच. जगात एक बदल करायचा आणि त्याचे परिणाम कुठेही अंग न चोरता शेवटपर्यंत भोगायला लावायचे.

खरं ठरण्याची अट लावलीच, तर खुद्द व्हर्नच नापास होतो. 1865 च्या कादंबरीत तो माणसांना 900 फुटी तोफेतून चंद्राकडे उडवतो. धक्का सोसावा म्हणून गोळ्यात पाण्याची गादीही करतो (हा तपशील मला फार आवडतो). पण तेवढ्या नळीत चंद्रापर्यंत पोचण्याइतका वेग गाठायचा तर प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त, प्रवाशांचा चेंदामेंदा. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचं 1895 च्या कादंबरीतलं कालयंत्र तर कुणी बनवलेलंच नाही, पण त्याला विज्ञानकथेतून बाहेर काढायची कुणाची छाती आहे?

भाकिताचं हे खूळ वाढवण्यात अमेरिकन संपादक ह्यूगो गर्न्सबॅकचा हात मोठा. 1926 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढताना त्याने या प्रकाराच्या व्याख्येतच भविष्यदर्शन घातलं, आणि पहिल्याच अंकात छापलं काय, तर व्हर्न, वेल्स आणि अमेरिकन कथाकार एडगर अ‍ॅलन पो यांचं जुनं लेखन.