आयकॉन गेला, अ‍ॅप उघडेच

फोनमध्ये ‘अ‍ॅप लपवा’ अशी सोय द्यायची आणि प्रत्यक्षात होम स्क्रीनवरचा आयकॉन तेवढा काढून टाकायचा, ही ग्राहकांच्या डोळ्यांत केलेली धूळफेक आहे आणि ती आता असह्य झाली आहे. माझ्या फोनमध्ये लपवलेले अ‍ॅप नावाची पहिली दोन अक्षरे शोधपट्टीत टाकताच हजर होते, नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅप्सच्या रांगेत दिसते, प्ले स्टोअरच्या अपडेटच्या यादीत दिसते, आणि दिवसभरात ते किती मिनिटे वापरले याचा हिशेबही सेटिंगमध्ये कोणालाही वाचता येतो. मग लपले काय?

नोटिफिकेशनचा तर कहरच. मी समुपदेशन घेते हे घरात फक्त नवऱ्याला ठाऊक होते, आणि आणखी कोणाला सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार माझा होता. आत्येसासूबाई माझ्या फोनवर बारशाचे फोटो बघत असताना ‘उद्या सकाळी 10 वाजता तुमचे समुपदेशन आहे’ अशी पट्टी नेमकी बाळाच्या चेहऱ्यावर उतरली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत बातमी पोहोचली होती.

‘एवढे लपवण्यासारखे असते तरी काय?’ असे विचारणाऱ्यांची मला चीड येते. पाळीच्या नोंदी, नोकरीचा शोध, मूल होण्यासाठीचे उपचार, यांत कोणते पाप आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला, तरी घरात मात्र फोनला कुलूप लावणारी सून संशयितच ठरते.

हे तंत्रज्ञानाला जमत नाही, असेही नाही. 2024 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 15 मधली ‘प्रायव्हेट स्पेस’, म्हणजे खासगी अ‍ॅप्स ठेवायची वेगळी जागा, कुलूपबंद केली की आतली अ‍ॅप्स थांबतात, त्यांची नोटिफिकेशन येत नाहीत आणि सेटिंगमध्येही ती दिसत नाहीत. (अर्थात थांबलेले अ‍ॅप गोळीच्या वेळेची आठवणही करून देत नाही, हा निराळा ताप.) माझ्या फोनला ते अपडेट मिळणारच नाही, आणि ग्राहक सेवेतला माणूस शांतपणे सांगतो, ‘मॅडम, नवीन मॉडेल घ्या.’ का म्हणून घ्यायचे? खरी सोय देता येत नसेल, तर कंपनीने त्या बटणाखाली ठळक अक्षरांत लिहावे की येथे फक्त आयकॉन हटवला जातो आणि नोटिफिकेशन सर्वांना दिसत राहतील.